पाण्याकडची बाजू

त्या पावसाळ्यात माझ्या डाव्या टाचेने आमच्या ओटीवर खळगा पाडला. उजवा पाय पट्ट्यांनी बांधून गोधडीच्या वळकटीवर ठेवलेला होता आणि तो हलवायचा नाही अशी सक्त ताकीद होती, त्यामुळे अंगातली सगळी चुळबुळ डाव्या पायात उतरली. भिंतीला पाठ टेकून मी दिवसभर बसायचो आणि ती टाच माझ्या नकळत जमीन घासत राहायची. आये शेणामातीने खळगा बुजवायची, वरून सारवायची, आणि ओल सुकायच्या आत तो पुन्हा तिथेच उमटायचा. "जना, घर पोखरशील रं," ती म्हणायची, "उंदीर बरा तुझ्यापेक्षा. तो निदान दिवसाचा झोपतो." मी पाय आवरून घ्यायचो. ती स्वयंपाकघरात वळली की टाच पुन्हा चालू.

मी तेव्हा विशीत होतो आणि देशाच्या फुटबॉल संघात सर्वांत लहान होतो. सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यांत पुढे राहून गोल मारणारा. मामाने मला थळच्या कोळीवाड्यातून मुंबईच्या एका गिरणीत नेलं होतं, गिरणीने संघात घेतलं, आणि तिथून पुढचं सगळं इतकं भराभर झालं की मला श्वास घ्यायलाही सवड मिळाली नाही. मला ती नकोच होती म्हणा. मग कलकत्त्याला एका परदेशी संघाशी सामना खेळताना त्यांच्या बॅकचा, म्हणजे गोल राखणाऱ्या मागच्या खेळाडूचा, बूट माझ्या उजव्या गुडघ्यावर आला. हिरवळीवर पडल्या पडल्या मला फक्त एवढं आठवतं, की चेंडू गोलात गेला का हे मी कुणाला तरी पुन्हा पुन्हा विचारत होतो. गेला नव्हता. गिरणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत चेंडूला पाय लावायचा नाही, आणि लावलास तर लंगडत माझ्याकडे येऊ नकोस. गिरणीच्या संघाचे प्रशिक्षक डिमेलो सर मला रेवसच्या लाँचपर्यंत सोडायला आले. वांद्र्याचे साठीचे गृहस्थ, मैदानाबाहेर फार कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "घरी जा. खा. बस." त्यातलं शेवटचं मला कधीच जमलेलं नव्हतं.

पावसाळ्यात कोळीवाडा घरात येतो. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, दर्या बंद, पुरुषमाणसं ओट्यांवर. आमच्या घरात दोराचा, तेलाचा आणि सुकटीचा वास एकमेकांत मिसळून असा काही मुरायचा की मुंबईत कुठल्याही गर्दीत तो आला तरी मी मागे वळून बघत असे. ताजी मासळी नाही म्हणून उतरंडीतले सोडे निघायचे, सुके बोंबील चुलीत भाजून कांद्याबरोबर कुस्करायचे, तांदळाची भाकरी. येसू, माझी धाकटी बहीण, खाडीच्या चिखलातून चिंबोऱ्या धरून आणायची आणि त्यांचा लालभडक रस्सा आये मला वाटीवाटीने पाजायची, त्याने हाडं जुळतात म्हणून. माझं हाड मोडलेलंच नव्हतं, पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. छपरावर पाऊस, पलीकडे दर्याची गाज, शेजारच्या ओटीवर कुणीतरी दोर वळताना धरलेली एकसुरी गाणी. आज थळला गेलं की आधी खताच्या कारखान्याची धुराडी दिसतात आणि माझी नातवंडं विचारतात की आजोबा, तुम्ही खेळायचात ते मैदान कुठं? मी किनारा दाखवतो. त्यांना वाटतं मी थट्टा करतो आहे.

बाबा तांडेल होता. होडीवर त्याचा शब्द शेवटचा. घरात मात्र तो बोलायचाच नाही. आम्ही त्याला अरेतुरेच करायचो, कोळीवाड्यात तीच रीत. सबंध पावसाळा तो माझ्यासमोर तीन हातांवर बसून जाळं सांधत होता, आणि त्याने मला फुटबॉलबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. कलकत्ता केवढं आहे, विमानात बसताना भीती वाटली का, हे सगळं येसूने विचारलं. बाबाने नाही. त्याला राग नव्हता. माझ्या निवडीची बातमी आली तेव्हा त्याने वाड्यात नारळ वाटले होते. पण चेंडू लाथाडणं हे काम असू शकतं आणि त्याला पगार मिळतो, ही गोष्ट त्याच्या मनात कुठल्याच कप्प्यात बसत नव्हती, आणि जे कळत नाही त्याविषयी तोंड उघडायचं नाही हा त्याचा स्वभाव होता. मी मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं येसूला सामन्यांचं वर्णन करायचो. तो दात आणि बोटांमध्ये दोरा ताणून गाठ मारायचा आणि पुढचं भोक शोधायचा.

श्रावण लागला तशा पट्ट्या सुटल्या आणि मी काठी घेऊन हिंडू लागलो. त्याने अस्वस्थता कमी होईल असं वाटलं होतं, ती दुप्पट झाली. मुंबईत माझ्या जागी दुसरा कुणी खेळत असणार, हा विचार सकाळी चहाबरोबर यायचा आणि जेवणात मीठ होऊन राहायचा. मी परसात जाऊन कोवळा नारळ डाव्या पायाने भिंतीवर मारायचो. येसू तो अडवून परत लाथाडायची, आणि चांगला लाथाडायची. एकदा मी चिडून तिला म्हटलं, "हळू मार की! माझा पाय दिसत न्हाय काय?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दिसतो ना. सारा गाव तुझा पायच बघतो. तोंड कुनी बघत न्हाय, ते बघवत न्हाय म्हनून." आयेला हसू आलं. मी काठी आपटत किनाऱ्यावर निघून गेलो आणि तिथे वाड्यातली पोरं ओल्या वाळूत खेळत होती त्यांच्यावर विनाकारण ओरडलो.

मग एक दिवस येसू अलिबागच्या बाजारातून सुकटीची पाटी रिकामी करून आली ती तणतणतच. अलिबागला कचेरीतल्या आणि शाळेतल्या तरुणांचा एक संघ होता, बूट-मोजे घालून खेळणारा. त्यांच्यातला एक उंच कारकून बोंबील घेताना तिला म्हणाला होता, "काय गं, तुमच्या इंडियावाल्याने बूट लटकवले म्हणे खुंटीला?" येसूने त्याला बोंबील दिलेच नाहीत. वर सांगून आली, की नारळी पुनवेच्या आधी मैदानात या, मग बघू. मैदान म्हणजे अलिबागचा किनारा, किल्ल्यासमोरची ओहोटीची वाळू. संध्याकाळपर्यंत वाड्यातली सगळी जवान पोरं आमच्या ओटीवर. पुढे बाळ्या, बाबाच्या होडीवरचा खलाशी, रेड्यासारखा रुंद, आमच्या संघाचा बॅक आणि कप्तान.

"तू खेळतंस ना, जना?" बाळ्याने विचारलं.

"खेळतो," मी म्हणालो. विचार केलाच नाही.

आतून आये तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली. "खेळतो? तो डागदर काय बोलला ते विसरलास काय? पाय गेला तर होडीवर पन कोन घेनार न्हाय तुला. तू तरी सांग त्याला," ती बाबाला म्हणाली.

सगळे बाबाकडे वळले. त्याने दोरा तोडला. "पाय त्याचा हाय," तो म्हणाला. आणि पुढचा दोरा ओवत, "इतकं चालत नेऊ नका त्याला. गाडी सांगतो मी." पलीकडच्या वाडीतल्या आगऱ्याची बैलगाडी त्याने ठरवली, आणि सामन्याच्या दिवशी सगळ्यांना नवल वाटलं कारण तो स्वतःही गाडीत चढून बसला.

चार दिवसांत पाऊस पडलाच नव्हता. ओहोटीने वाळू लांबवर उघडी टाकली होती, घट्ट, सपाट, किल्ल्याच्या तटापर्यंत पायी जाता येईल अशी. बांबू रोवून गोल केले होते. मैदानाची एक लांब बाजू गावाकडे, दुसरी पाण्याकडे. शाळेतले एक ड्रिलमास्तर पंच होते. मी गावाकडच्या बाजूला काठीवर भार टाकून उभा राहिलो. ठरलं असं होतं, की गरज पडली तरच मी उतरायचं. खरं सांगायचं तर, गरज पडावी म्हणून मी आतल्या आत नवस बोलत होतो. खेळ मी पाहतच नव्हतो. मी स्वतःला आत पाहत होतो. इथे मी असतो तर असा वळलो असतो, तिथून असा मारला असता. अंगातली प्रत्येक शीर सामन्यात धावत होती आणि डोळे मात्र कुठेच नव्हते. अलिबागच्या उंच कारकुनाने एक गोल केला, मग आणखी एक. आमची पोरं अनवाणी, चपळ, पण सगळी चेंडूमागे एका घोळक्यात पळणारी. विश्रांतीला बाळ्या माझ्याकडे आला. तो माझ्यासमोर उभा राहिला. मी काठी येसूच्या हातात दिली आणि सदरा काढला.

किनाऱ्यावर जो आवाज उठला तो मला अजून ऐकू येतो. त्याच्याइतका आवाज मी कलकत्त्याला ऐकला होता, पण तो माझ्या ओळखीच्या माणसांचा नव्हता. मी मधे उभा राहिलो. पायाखाली थंड वाळू. पहिला चेंडू मला हवा तसाच आला, उजव्या पायावर, उसळी न घेता. समोरून त्यांचा बॅक येत होता, काळे बूट, वाळू उडवत. अशा वेळी मी काय करतो हे मला कधी ठरवावं लागलं नव्हतं. पाय ठरवायचे. त्या दिवशीही पायानेच ठरवलं. तो मागे आला. बॅकचा बूट चेंडूवर पडायच्या आधीच माझा पाय आपणहून मागे आला, आणि चेंडू त्याचा झाला. लोकांना वाटलं हुलकावणी फसली. कुणीतरी "असू दे, जना!" म्हणून ओरडलंही. दुसऱ्या वेळी मी दात आवळून गेलो. पुन्हा तेच. गुडघा दुखत नव्हता. तो दुखला असता तर मला बरं वाटलं असतं. मला भीती वाटत होती, आणि ती डोक्यात नव्हे, मांडीत होती, जिथे तिला समजावता येत नाही. तिसरा चेंडू आला तेव्हा मी तो घ्यायला गेलोच नाही.

मी हात वर केला आणि बाहेर आलो. गावाकडच्या बाजूला यायची हिंमत नव्हती, तिथे सगळा वाडा उभा होता, म्हणून पाण्याकडच्या बाजूला गेलो आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो. डोळे भरून आले होते. तेवढ्यात पायाच्या बोटांना पाणी लागलं. भरती लागली होती. पातळ लाट मैदानाची रेघ ओलांडून हातभर आत आली, मागे गेली, आणि मागे ठेवलेली वाळू मऊ, चमकती झाली. मी वळलो. त्यांचा एक खेळाडू चेंडू अडवायला त्या कडेला आला होता. त्याचे बूट घोट्यापर्यंत रुतले, तो पाय उपसून काढत होता, आणि आमचा पोर त्याच वाळूतून पावलं न बुडवता निघून गेला. आमच्या पोरांचं आयुष्य गेलं होतं त्या चिखलात होड्या ढकलण्यात. आणि मला एकाएकी सगळं मैदान दिसलं, कुठे कोण उभा आहे, कोण दमला आहे, गावाकडे कशी गर्दी झाली आहे आणि इकडे किती मोकळं पडलं आहे. असं मैदान मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. सेंटर फॉरवर्डला फक्त गोल दिसतो.

"बाळ्या!" मी ओरडलो. "चेंडू दर्याकडं घे! पान्याकडं!"

"पान्यात अडकंल!" तो ओरडला.

"तुझा न्हाय अडकायचा, त्यांचा अडकंल! तू फुडं जा. बॅक सोड, फुडं जा!"

बाळ्याला पुढे जायचं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण होडीवर हुकूम कसा पाळायचा हे ठाऊक होतं. तो गेला. मी रेघेवरून लंगडत त्याच्या बरोबरीने पळत होतो, घोट्याएवढ्या पाण्यात, ओरडत, एकेकाला नावाने हाक मारून जागेवर ढकलत. चेंडू पाण्याच्या कडेकडेने पुढे जाऊ लागला. अलिबागचे बॅक त्याच्याकडे यायचे आणि रुतायचे. बाळ्याने पहिला गोल केला तो चेंडूसकट स्वतःच बांबूंच्या मधून आत जाऊन. दुसरा एका बारीक पोराने, ज्याला विश्रांतीआधी कुणी चेंडू दिलाच नव्हता. मग पाणी गुडघ्याकडे चढलं, एक बांबू कलंडला आणि तरंगत निघाला, आणि ड्रिलमास्तरांनी पाटलोण वर खोचत शिट्टी वाजवली. दोन-दोन. येसू त्या उंच कारकुनासमोर जाऊन काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. तो मात्र हसला आणि त्याने तिला वाकून नमस्कार केला.

पुढे मी देशासाठी पुन्हा खेळलो. दिवाळीनंतर गुडघा बरा झाला, भीतीही बरीचशी गेली, गोलही झाले. पण तो मागे येणारा पाय मनात कुठेतरी राहिला आणि दोन-तीन मोसमांनी मी बूट काढले तेव्हा फार रडलो नाही. लोक मला विचारतात की तुम्ही प्रशिक्षक कधी झालात, आणि मी नेमणुकीचं वर्ष सांगतो. ते खोटं नाही. पण त्या संध्याकाळी गाडीत घडलं ते मुलाखतीत सांगण्यासारखं नसतं.

येसू आणि पोरं पुढे गात चालली होती. गाडीत मी, गुडघ्यावर ओला पंचा, आणि समोर बाबा. बराच रस्ता मागे पडल्यावर तो म्हणाला, "पान्याकडं खेळा म्हनून तू सांगितलंस त्यांना?"

"व्हय."

"आनि बाळ्याला फुडं तूच धाडलास?"

"व्हय." या माणसाने माझ्या खेळाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि मी घाईघाईने सगळं सांगू लागलो, बूट कसे रुततात, जागा कशी मोकळी होते, दोन बॅक एका बाजूला ओढले की काय होतं. तो ऐकत होता, अगदी होडीवर वाऱ्याची दिशा ऐकतो तसा. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "भरती कवा लागनार ते तुला ठावं नव्हतं?"

"ठावं होतं की."

"मग आधी का न्हाय सांगितलंस?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "मी सोता खेळायचा विचार करत व्हतो, बाबा." त्याने मान डोलावली, जणू हे त्याला पटण्यासारखं उत्तर होतं, आणि मग माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, गाडीचे गचके लागू नयेत म्हणून.

नारळी पुनवेला मी थांबलो नाही. आये रुसली, म्हणाली सणाला पाठ दाखवून जातोस, दर्याला नारळ तरी वाहून जा. पण आता माझ्याने बसवत नव्हतं, आणि या वेळच्या अस्वस्थपणाला कुठे जायचं ते कळत होतं. रेवसला लाँच धरली, भाऊच्या धक्क्यावर उतरलो आणि काठी टेकत थेट गिरणीच्या मैदानावर गेलो. सामना चालू होता. डिमेलो सर बाकावर एकटे बसले होते. मला बघून त्यांच्या भुवया चढल्या.

"दिवाळी झाली?"

"नाही सर. खेळायला नाही आलो. तुमच्याजवळ बसू द्या."

"बसायला? तू?" ते म्हणाले, पण सरकले.

मी बसलो. माझ्या जागी खेळणारा नवा पोरगा चांगला होता. मला त्याचा हेवा वाटला, आणि तो मी तसाच राहू दिला. मी मैदान पाहू लागलो, सगळं, कडेपासून कडेपर्यंत. थोड्याच वेळात मला दिसलं की आमचा डावा हाफ, मधल्या फळीतला खेळाडू, प्रत्येक वेळी एक पाऊल उशिरा निघतोय, कारण त्याच्या डोळ्यांवर ऊन येतंय, आणि त्याने दहा हात मागे उभं राहिलं तर झाडाची सावली आहे. मी सरांच्या कानाशी वाकून ते सांगितलं. त्यांनी डाव्या हाफकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मग मला काय सांगतोस?" ते म्हणाले. "त्याला सांग."

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो.